विजेची आगाऊ पावती

राज्यांची फेरवाटणी व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक होऊन चांदा जिल्ह्यातल्या, वैनगंगेपलीकडच्या एका तहसील कचेरीत धाकटा कारकून म्हणून लागलो होतो. तहसिलीचं नाव सांगत नाही. तिथले बडे बाबू आता हयात नाहीत, पण त्यांचे चिरंजीव आहेत, आणि ते वाचतात.

बडे बाबू म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून. तहसीलदार येत, दोन वर्षं राहत आणि बदलून जात. बडे बाबू आपल्या जागेवर असत. कुठल्याही कामाला ते नाही म्हणत नसत. पान लावता लावता एवढंच म्हणायचे, "नियमात बसवू." आणि ते बसवायचेच. त्यांच्या हाताखाली मी शिकलो की जे झालं ते महत्त्वाचं नसतं, जे झाल्याचा कागद आहे ते झालं.

त्या साली उन्हाळ्यात दोन-तीन टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, वीज पडून माणसं गेली होती. कोणीतरी वर प्रश्न विचारला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे हुकूम आला. वादळाचा नि विजांचा अंदाज असेल तेव्हा नागपूरहून चांद्याला तार येईल, चांद्याहून आम्हाला येईल, आम्ही ती गावोगाव दवंडी पिटून कळवायची, आणि कळवल्याबद्दल प्रत्येक गावच्या पाटलाची व उघड्यावर काम करणाऱ्या एका इसमाची सही किंवा अंगठा घेऊन पावती परत पाठवायची. हुकूम चांगला होता. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही.

अडचण तारेची होती. आमच्याकडे येणारी तार चाळीस मैल जंगलातून, सागाच्या खांबांवरून येई. जरा वारा सुटला की कुठेतरी फांदी पडायची नि तार तुटायची. म्हणजे विजेची बातमी आणणारी तारच वीज चमकली की आधी आडवी व्हायची. दोन दिवसांनी ती जोडली जाई आणि मग परवाच्या वादळाचा इशारा आमच्या टेबलावर येऊन पडे.

पहिली तार मात्र वेळेत आली. जिल्ह्यात काही ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे संभवतात, असा मजकूर होता. बडे बाबूंनी चष्मा पुसून ती तीनदा वाचली.

"काही ठिकाणी," ते म्हणाले. "आपण त्या काही ठिकाणांत आहोत की नाही?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग विचारा."

मी चांद्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं तेव्हा गणपती बसले होते, आणि उत्तरात, अशा शंका पुन्हा विचारू नयेत, असं म्हटलं होतं. तेव्हापासून आम्ही स्वतःला काही ठिकाणांत धरून चालू लागलो.

दवंडीचं काम कोतवालाकडे होतं. हा उंच, पोटऱ्यांच्या शिरा सुटलेला, पन्नाशीचा माणूस. गळ्यात डफडं अडकवून तो दिवसाला चार-पाच गावं पायी करी. पावसात डफड्याचं कातडं ओलं होई आणि त्यातून ओल्या गोधडीवर थापटल्यासारखा आवाज येई. तरी तो पिटायचा. एका गावात त्याने दवंडी दिली की आज वीज पडण्याचा संभव आहे. पारावर बसलेले लोक म्हणाले, "अरे, ते तं परवा पडून गेली. आता काऊन सांगून राह्यला?"

कोतवाल म्हणाला, "मी सरकारचं सांगून राह्यलो, इजेचं नाई."

हे त्यानेच मला येऊन सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्याने. मग विचारलं, "बाबू, एक सांगा. इज पडन तवा बाहेर हिंडू नोका, असं मी लोकायले सांगतो. तवा मी कुठी असतो?"

मी म्हटलं, बाहेर. तो म्हणाला, हं, आणि पुढच्या गावाला गेला.

पावत्या काही परत येईनात. पाटील शेतावर असत, माणसं धानाच्या बांध्यांत, आणि कोतवाल दवंडी देऊन पुढे गेलेला असे. इकडे चांद्याहून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं. बडे बाबूंची झोप उडाली. आणि तेव्हा मी, एकोणीस वर्षांचा, हुशारीने फुगलेला, त्यांना म्हणालो, "आपण पावत्या आधीच घेऊन ठेवल्या तर? तारीख कोरी ठेवायची. तार आली की भरायची."

बडे बाबूंनी पान खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू वर जाशील."

ही कल्पना माझी होती. पुढे जे झालं त्यात ती कोणाची होती हे पुष्कळदा विसरलं गेलं, म्हणून लिहून ठेवतो.

आश्विन लागला होता. धान निसवलं होतं, दुपारी ऊन अंगाला चटका देई आणि चारच्या सुमाराला दक्षिणेकडे काळे ढग उभे राहत. मी कचेरीची सायकल घेतली, पिशवीत कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा घेतला आणि मोठा तलाव असलेल्या एका गावाला गेलो. पाटलाने चहा पाजला आणि न वाचता बारा पावत्यांवर सह्या केल्या. उघड्यावर काम करणारा इसम म्हणून त्याने तलावात मासे धरणाऱ्या ढिवराला बोलावलं. ढिवर आला, मागून त्याची बायको आली, डोक्यावर मासोळ्यांची टोपली. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल, हसऱ्या तोंडाचा, कमी बोलणारा. बोलायचं काम बायको करी.

"कायचा कागद हाये, बाबू?" तिने विचारलं.

"विजेचा."

"इज येनार हाये का?"

"तसं नाही. आली तर."

"आली तर, तं मंग आंगठा आताच काऊन?"

मी म्हणालो, "नंतर तुम्ही लोक सापडत नाही."

तिने डोक्यावरची टोपली नीट केली. नवऱ्याने बारा अंगठे दिले आणि बोटाची शाई धोतराला पुसली.

मी निघालो तेव्हा चार वाजून गेले असतील; ढिवर नि त्याची बायको आधीच तलावाकडे गेली होती. रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावरून होता. अर्ध्या पाळीवर पोहोचलो आणि ऊन एकदम गेलं. धानाच्या बांध्यांवरून वारा आला, मागोमाग टपोरे थेंब. सायकलवर बसणं शक्य नव्हतं. समोर पाळीवर एक जुनं मोहाचं झाड होतं, पाच माणसांच्या कवेत न येणारं, आणि त्याच्या बुंध्याला ढिवराचा डोंगा, खोड कोरून केलेली होडी, बांधलेला होता. ढिवर दोर सोडून डोंगा वर ओढायच्या खटपटीत होता. मला पावत्यांची काळजी. भिजल्या तर बारा अंगठ्यांची शाई फुटेल. मी सायकल ढकलत झाडाच्या रोखाने पळत सुटलो.

तेवढ्यात मागून, खाली बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून, बाईचा आवाज आला. "झाडाखाली नोको. निंघ तिथून. निंघ."

मी थांबलो. वळून पाहिलं तर ढिवराची बायको टोपली टाकून दोन्ही हात हलवत होती. मी पाळीवरून सायकलसकट खाली घसरलो आणि चिखलात उकिडवा बसलो.

नंतर कळलं की ती मला हाक मारत नव्हती. ती नवऱ्याला हाक मारत होती. वाऱ्यात ती त्याला ऐकू गेली नाही, मला गेली. त्या दिवशी आमच्या सबंध तहसिलीत विजेची जी एकच सूचना दिली गेली, ती ही.

उजेड आणि आवाज एकदमच झाला. आवाज म्हणणंही बरोबर नाही. छातीवर कोणीतरी फळी मारावी तसं वाटलं. डोळे उघडले तेव्हा मोहाचं अर्धं झाड उभं होतं आणि अर्धं पाळीवर आडवं पडलं होतं. डोंगा उभा चिरला होता. ढिवर झाडापासून आठ-दहा हातांवर पालथा पडला होता.

बायको माझ्याआधी पोहोचली. दोघांनी मिळून त्याला उताणा केला. श्वास चालू होता. उजव्या कानातून रक्ताचा ओघळ आला होता. त्याच्या अंगठ्याला अजून कचेरीची निळी शाई होती. ती मला दिसली आणि तिलाही दिसली.

त्याला खाटेवर घालून गावात नेलं. रात्र पडायच्या आत तो बोलला. उजवा हात महिनाभर लुळा राहिला, मग हळूहळू आला. उजवा कान गेला तो गेलाच.

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो आणि बडे बाबूंना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. चांद्याला रिपोर्ट तर द्यावाच लागणार होता. सरकारी झाडही पडलं होतं. मालगुजारांची जमीनदारी गेल्यापासून तलाव सरकारचा, पाळ सरकारची, म्हणून मोहही सरकारचा.

"पावत्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. पण काल तार आली नव्हती. तार तीन दिवस बंद आहे."

"तार आली नव्हती हे कोणी विचारलेलं नाही. सूचना दिली होती का, हे विचारतील. एक पावती काढ. तारीख घाल."

मी घातली. माझ्याच अक्षरात कालची तारीख घातली, आणि वेळेच्या रकान्यात दुपारचे तीन. हात थरथरला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण थरथरला नाही. अक्षर चांगलं आलं होतं.

आठवड्याने ढिवराची बायको कचेरीत आली. तिचं मागणं साधं होतं. डोंगा गेला, तलावात उतरायला साधन नाही. पाळीवर पडलेलं मोहाचं खोड द्या, त्यातून नवा डोंगा कोरून घेऊ.

"अर्धं काम तं इजेनंच करून देल्लं," ती म्हणाली. "खोड मधातून पोकळच हाये."

बडे बाबूंनी फाईल उघडून पावती तिच्यापुढे धरली. "बाई, तुमच्या नवऱ्याला तीन वाजता सूचना मिळाली होती. हा त्याचा अंगठा. सूचना मिळूनही तो झाडाखाली गेला. अशा इसमाला सरकारी मदत देता येत नाही. उलट सरकारी झाडाजवळ डोंगा का बांधला, याचाही खुलासा मागता येईल. आम्ही मागत नाही, ही मेहेरबानी."

ती वाचू शकत नव्हती. पण अंगठा ओळखला तिने. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दौतीचं झाकण घट्ट करत होतो.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कार्तिकात चांद्याहून पत्र आलं. मी फोडलं ते खुलासा मागितला असेल या समजुतीने. पत्र अभिनंदनाचं होतं. जिल्हा कचेरीने ताळा करून पाहिला होता. त्या दिवशी वरून कुठलीही तार सुटलेली नव्हती. कुणालाच वादळाचा अंदाज नव्हता. तरीसुद्धा आमच्या तहसिलीने वीज पडण्याच्या तासभर आधी, आपल्या बळावर, नेमक्या त्याच गावात आणि नेमक्या त्याच इसमाला सूचना दिली होती. ही गोष्ट अत्यंत स्तुत्य असून, असा अंदाज कोणत्या पद्धतीने केला ते सविस्तर कळवावं, म्हणजे ती पद्धत इतर तहसिलींना घालून देता येईल.

बडे बाबूंनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच घाम पुसताना पाहिलं.

"आता खरं सांगून टाकू," मी म्हणालो.

"कोणतं?" ते म्हणाले. "कोणतं खरं, ते आधी ठरव. सूचना दिली नव्हती म्हटलं तर पावती खोटी. दिली होती म्हटलं तर पद्धत सांग. अक्षर तुझं आहे." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "त्या ढिवराला जाऊन विचार. या लोकांना आभाळाची चिन्हं कळतात म्हणतात. तेवढं लिहून आण. नियमात बसवू."

मी गेलो. ढिवर अंगणात बसून डाव्या हाताने जाळ्याची गाठ मारायला शिकत होता. मी त्याच्या डाव्या कानाशी वाकून विचारलं, वीज पडणार असली की तुम्हाला आधी कशी कळते, काही चिन्हं असतील.

कान गेल्यापासून तो मोठ्याने बोलू लागला होता. "चिन्नं कळत असते," तो म्हणाला, "तं मी डोंगा सोडाले गेलो असतो का?"

मी मासोळ्यांचं विचारलं, त्या वर येतात का. म्हणाला, येतात, पण कधीबी येतात. मुंग्यांचं विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वही मिटली.

बायको आतून पाणी घेऊन आली. तिने मला पाणी दिलं, याचं मला आजही नवल वाटतं. "एकच चिन्न हाये, बाबू," ती म्हणाली. "गरजलं का घरी जावा. पन गरजलं तवा मानसाले वाटते, एवढं काम आटपलं का जातो."

मी तेच लिहिलं. चार ओळी झाल्या. बडे बाबूंनी त्याची दोन पानं केली, आणि त्यात मुंग्या, मासोळ्या, टिटवी, वाऱ्याचा वास, ढिवर लोकांचं पिढीजात ज्ञान आणि त्याला कचेरीने दिलेली शिस्त असं सगळं आलं. पत्र इतकं चांगलं झालं की मार्गशीर्षात जिल्ह्याचे साहेब स्वतः दौऱ्यावर आले.

साहेब तरुण होते, धुळीने लाल झालेल्या जीपमधून आले. गावच्या शाळेच्या ओसरीत खुर्ची मांडली होती. तहसीलदार, बडे बाबू, पाटील आणि मागे मी. साहेबांनी दोन पानांचं पत्र हातात धरलं होतं. ढिवराला आणि बायकोला बोलावलं. साहेबांनी तिला खाली बसू दिलं नाही, सतरंजीवर बसवलं आणि प्रेमाने विचारलं, "बाई, त्या दिवशी वीज पडणार हे तुम्ही कचेरीला कसं सांगितलंत?"

"म्या नाई सांगतलं," ती म्हणाली.

"मग तुमच्या नवऱ्याला सूचना कोणी दिली?"

"कोनी नाई."

बडे बाबू खोकले. "साहेब, तिच्या नवऱ्याला ऐकू येत नाही. त्यामुळे—"

"ते आता येत नाई," ती म्हणाली. "तवा येत होतं. हे बाबू आलते त्या दिवशी. सांगाले नाई, आंगठे घ्याले. बारा घेतले. मी म्हटलं, आताच काऊन, तं म्हनते, मंग तुमी सापडत नाई."

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे?"

त्या क्षणाची मी दोन महिने भीती बाळगली होती. आल्यावर तो अगदी लहान निघाला. "हो साहेब," मी म्हणालो. "उरलेल्या अकरा इथेच दौऱ्याच्या पेटीत आहेत."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला अकरा पावत्या आणायला सांगितल्या, एकेक पाहिली, सगळ्यांवरचा अंगठा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या अकरा विजांची सूचना यांना मिळालेली आहे." हसावं की नाही ते कोणाला कळेना. ढिवर तेवढा हसला, कारण त्याला वाटलं काहीतरी चांगलं बोलले असतील.

मला लेखी ताकीद मिळाली आणि वेतनवाढ वर्षभर थांबली. तारीख माझ्या अक्षरात होती, तेव्हा बडे बाबूंना काहीच झालं नाही, आणि मला ते तेव्हा वाटलं तेवढं अन्यायाचं आज वाटत नाही. खोड मात्र साहेबांनाही एकदम देता येईना. सरकारी लाकडाला लिलाव लागतो. लिलाव पुकारला, वीज पडलेलं लाकूड घरात कोण नेणार, एकही बोली आली नाही. शेवटी बडे बाबूंनीच, कोणी न सांगता, ते नियमात बसवलं. पाळीवरचा रस्ता अडवणारा अडथळा पंधरा दिवसांत आपल्या खर्चाने उचलून न्यावा, असा सक्त हुकूम ढिवराच्या बायकोच्या नावाने काढला. ती हुकूम घेऊन माझ्याकडे आली, घाबरलेली. मी वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचल्यावर ती हसली.

साहेबांचा दुसरा हुकूम असा होता की तारेची वाट पाहू नये. गावात पहिलं गरजणं ऐकू आलं की कोतवालाने डफडं वाजवावं, आणि तेही शाळेच्या ओसरीत उभं राहून. आसपासच्या गावांतही डफडी ठेवली. कोतवालाला हा हुकूम फार आवडला, मुख्यतः ओसरीचा भाग. पाटलाला आवडला नाही. पुढच्या आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात असताना डफडं वाजलं की बाया बांधीतून बाहेर येत, अर्धा अर्धा तास काम खोळंबे, आणि दहातल्या नऊ वेळा वीज कुठे दूर डोंगरावर पडे. पाटलाने तक्रार केली. कोतवाल त्याला म्हणाला, "दहावी कोनती, ते तुमी सांगा, मी तेवढीच वाजवतो."

मी एकदा त्या गावात असताना डफडं वाजलं. चिखलाने कोपरापर्यंत भरलेल्या तीस-चाळीस बाया ओसरीत आल्या. पाचांनी मात्र आपली पाथ सोडली नाही. एवढी रोपांची पेंढी लावून येतो म्हणत त्या वाकूनच राहिल्या. ढिवराची बायको धुऱ्यापर्यंत गेली आणि त्यांना शिव्या घालत घेऊन आली. पाऊस आला, दोनदा चमकलं, कुठे काही पडलं नाही. ओसरीत कोणीतरी भाजलेल्या मक्याचं कणीस काढलं, ते दाणा दाणा करत सगळ्यांत फिरलं, चार दाणे माझ्याही हातावर आले. पंधरा मिनिटांत ऊन पडलं. बाया लुगडी खोचून पुन्हा पाण्यात उतरल्या, आणि कोतवाल कातडं सुकवायला डफडं उन्हात ठेवून ओसरीतच आडवा झाला.